डॉक्टर मगदुमांची मंडळी

डॉक्टर पायगोंडा मगदूम यांच्या घराची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती सांत्वन करायला.

निपाणीच्या आमच्या गल्लीत राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. बंगळूरला कुठल्याशा प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं शास्त्रज्ञ होते, निवृत्त होऊन समोरचं घर घेतलंय, एकटेच असतात, एवढंच गल्लीला ठाऊक. त्या दिवशी सकाळी आमची मंगल आत येऊन म्हणाली, "अहो, समोरचे डॉक्टर डोक्याला टॉवेल गुंडाळून कट्ट्यावर बसल्यात. दूधसुद्धा घेतलं न्हाई. कोणतरी गेलंय त्यांच्यातलं. जाऊन या."

मी पांढरा शर्ट घातला, चेहरा पाडला आणि गेलो. शेजारी बसलो. थोडा वेळ जाऊ दिला.

"कधी झालं?"

"पहाटे," डॉक्टर जमिनीकडं बघत म्हणाले.

"आजारी होते?"

"न्हाई हो. काल संध्याकाळी जोरात होते. फेस काढत होते."

तोंडाला फेस म्हणजे शेवटचंच, असं समजून मी मान हलवली. "वय काय होतं?"

"तीन दिवस."

तीन दिवसांचं लेकरू! "पहिलंच का?" मी हळूच विचारलं.

"कसलं पहिलंच? सगळे एकदम गेले."

"सगळे? म्हणजे... किती जण?"

"मोजायला धीर झाला न्हाई. एका थेंबात लाखांनी असतात. आणि मडकं पाच लिटरचं हाय."

मग त्यांनी माझा हात धरून आत नेलं आणि मयत दाखवली. मडक्यात तपकिरी पाणी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला एक थेंब ठेवला होता, आणि त्यात निळे निळे ठिपके. "हा रंग टाकला की मेलेला निळा होतो," ते म्हणाले. "जिवंत असेल तो रंग पचवून तसाच राहतो. बघा. एक तरी पांढरा दिसतो का?"

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "कोण गेलं हो?"

"यीस्ट."

"त्यांची कोण लागायची?"

"लागायची न्हाई. पावात घालतात ती."

मला वाटलं, ही हसेल. ती म्हणाली, "म्हणून ते उपाशी बसले? केवढं मन म्हणायचं माणसाचं!" आणि पदर खोचून त्यांच्यासाठी थालीपीठ लावायला घेतलं. माझ्या आयुष्यातल्या एका नव्या दुखण्याची ती सुरुवात होती.

*

डॉक्टर मूळचे बोरगावचे, जैन. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी प्यायचं ते दुहेरी फडक्यातून गाळून. अशा माणसानं जन्मभर काम केलं कशावर? तर साखरेची दारू करणाऱ्या जिवांवर. स्वतः कधी जिभेवर थेंब ठेवला नाही. आणि निवृत्तीनंतर निपाणीत येऊन काय काढलं? तर ज्यात एकही जीव मरत नाही अशी दारू.

"आमच्यात दारूला मनाई का?" ते मला समजावायचे. "करताना असंख्य जीव मरतात म्हणून. बरोबर? मग मरू द्यायचे न्हाईत. प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला, हे ते अशा थाटात म्हणत की वाटावं, एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही म्हणजे कमालच आहे. हे जीव साखर खातात आणि दारू करतात. ती वाढत गेली की त्यातच मरतात.

"आपल्या माणसांसारखंच की," मी म्हणालो.

"तसं न्हवं ते, मास्तर. माणूस दुसऱ्यानं केलेल्या दारूत मरतो."

तर युक्ती अशी, की दारू त्यांच्या जिवावर बेतायच्या आत काम थांबवायचं आणि त्यांना परत ताज्या काकवीच्या पाण्यात सोडायचं. त्यांच्या घरी विहिरीचं पाणी गाळलं की फडक्यावर राहिलेलं ओंजळभर पाणी तसंच हळू त्याच विहिरीत खाली सोडायची रीत आहे. जिवाणी म्हणतात तिला. जीव जिथला तिथं. तीच रीत डॉक्टरांनी मडक्याला लावली.

त्या जिवांना ते 'मंडळी' म्हणायचे. "हळू बोला, मंडळी कामात आहेत." "आज मंडळी जरा सुस्त आहेत, ढग आलेत न्हवं का." कचऱ्याच्या गाडीवाल्याला त्यांनी आमच्या गल्लीपुरता भोंगा बंद करायला लावला होता. कारण विचारलं तर "बाळंतपणं चालू हायत," म्हणाले. तो बापडा अजून गाडी ढकलत नेल्यासारखी नेतो. आणि कुणी काही बोललं, मग ते शहाणपणाचं असो की चावटपणाचं, त्यांचं उत्तर एकच. "हे लिहून ठेवतो." खिशातून वही काढून खरंच लिहायचे.

*

आता माझं सांगतो. मी हायस्कुलात तीस वर्षं शास्त्र शिकवलं. या गल्लीतला शास्त्रज्ञ म्हणजे मी. फ्यूज कुठली घालायची, ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरावी की नाही, टाकीतलं पाणी हिरवं का झालं, हे सगळं माझ्या कट्ट्यावर यायचं. मला उत्तर येत नसलं तरी मी द्यायचो, आणि लोक घेऊन जायचे. डॉक्टर आले आणि महिन्या-दोन महिन्यांत माझा कट्टा ओस पडला. बायका वाटी झाकून त्यांच्या दारात रांगेला लागल्या. कुणाचं दही लागत नाही, कुणाच्या लोणच्याला बुरशी, कुणाचं पीठ फुगत नाही. डॉक्टर वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मंडळींना गार वारा लागलाय. भांडं धान्याच्या कणग्यात ठेवा." दुसऱ्या दिवशी दही विटेसारखं! सबंध गल्लीचं दही त्या माणसाच्या मुठीत गेलं. दह्यावरून जळणारा पुरुष तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो. मी जळायचो.

दुसरं, थालीपीठ. ते सूर्यास्ताच्या आत जेवतात म्हणून मंगल साडेपाचला गरम थालीपीठ, बिनकांद्याचं, लोण्याच्या गोळ्यासकट समोर पोचवायची. मला तेच साडेआठला गार. "डॉक्टरांचं बघा, कसं वेळेवर जेवतात," हे वर तोंडी लावायला.

आणि तिसरं, सगळ्यात झोंबणारं. मागं एकदा मी स्तवनिधी घाटाखालच्या ढाब्यावर बियरची अर्धी बाटली प्यायलो होतो. अर्धी. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मंगलनं तीन दिवस ताट वाढून दुसऱ्या खोलीत बसायचं व्रत धरलं. आणि हा माणूस दिवसाढवळ्या, उघड्या दारानं मडक्या-मडक्यांनी दारू लावतो, तर गल्ली म्हणते, संशोधन चाललंय! कोपऱ्यावरच्या हवालदारानं एकदा येऊन वास घेतला, करंगळी बुडवून चाखली आणि म्हणाला, "ह्याला दारू म्हटलं तर दारूवाले केस घालतील." झालं, सरकारी शिक्काही मिळाला.

मग मी एक डाव टाकला. जळण्यापेक्षा जवळ जावं. "चव बघायला माणूस लागत असेल तर मी आहे," मी म्हणालो. माझा हिशेब साधा होता. दारू प्यायला मिळेल, ती संशोधन म्हणून, आणि मंगलला बोलता येणार नाही.

डॉक्टरांनी माझं नाव वहीत लिहिलं. नाव म्हणजे 'नमुना क्रमांक एक'.

परीक्षा अशी. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत त्यांनी रांगोळीची सरळ रेघ ओढलेली. आधी कोरड्यानं रेघेवरून चालायचं, मग एकोणतीसचा पाढा म्हणायचा. मग पेलाभर प्यायचं आणि परत तेच. पहिल्याच दिवशी मी प्यायच्या आधी पाढ्यात सहाव्या पायरीवर अडकलो. डॉक्टरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "नमुना मुळातच सदोष हाय," ते म्हणाले. "हे लिहून ठेवतो."

वर्षभर प्यायलो. काकवीची प्यायलो, गुळाची प्यायलो, जांभळाची प्यायलो. नशा म्हणून काय असते तिचा लवलेश नाही. मंडळी मरू नयेत म्हणून हे इतक्या लवकर काम थांबवायचे की दारू व्हायचीच राहायची. एकदा हट्टानं एका बैठकीत सोळा पेले रिचवले. परिणाम झाला, पण तो डोक्यात नाही. रेघेवरून मी त्या दिवशी चाललो नाही, धावलो, आणि विहिरीच्या दिशेनं नव्हे.

त्यातच एक दिवस थालीपीठ घेऊन आलेली मंगल दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? मडक्यात मरत न्हाईत हे झालं. पण ह्यांनी प्यायल्यावर ह्यांच्या पोटात जाऊन मरतच असतील की."

डॉक्टरांच्या हातातली काच खाली पडली. पस्तीस वर्षांचा शास्त्रज्ञ, आणि हे डोक्यात आलं नव्हतं! तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मी मनातल्या मनात साखर वाटली. चौथ्या दिवशी ते उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले. मडकं फ्रिजमध्ये ठेवायचं. थंडीनं मंडळी तळाशी बसतात. मग वरचं नितळ तेवढं काढायचं, आणि तरी चुकून कुणी राहिलं असेल म्हणून ते बारीक गाळणीतून सोडायचं. गाळणीवरचे आणि तळातले, सगळे परत काकवीत. प्रश्न मिटला.

वहीत त्यांनी लिहिलं: 'सौ. मंगलताई, सहसंशोधक.' मी पान उलटून पाहिलं. मी अजून नमुना क्रमांक एक होतो. सदोष.

*

गेल्या थंडीत एकदा दुपारी चारला समोरून हाक आली. "मास्तर! या! एक बी निळा न्हाई!"

खरंच नव्हता. थेंबामागून थेंब त्यांनी मला दाखवले. वरच्या पाण्यात कुणी नाही, तळात सगळे जिवंत. डॉक्टरांनी हात धुतले, पूर्वेला तोंड करून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "आता मला चाखली पाहिजे. करणाऱ्यानंच चाखली न्हाई तर खोटं ठरंल."

त्यांनी एक चमचा घेतला. चहाचा चमचा. मी त्याच मडक्यातला पेला भरून घेतला, तोंड पुसलं, ढेकर दिला. मला काही नाही.

डॉक्टरांचे डोळे चमकायला लागले. ते उठले, रांगोळीच्या रेघेवरून विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. ओळंबा लावल्यासारखे सरळ. एकोणतीसचा पाढा म्हणाले, तो उलटाही म्हणाले. मी म्हणणार, चढली नाही, तेवढ्यात ते दार उघडून रस्त्याला लागले.

आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी इडलीची गाडी लागते. डॉक्टर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. गाडीवाल्यानं झाकण उघडलं, वाफ वर आली, आणि डॉक्टरांनी हंबरडा फोडला.

"याक री डॉक्टर? एनात?" तो कन्नड बोलणारा भला माणूस घाबरून, काय झालं, काय झालं विचारायला लागला.

"रात्रभर राबली रे मंडळी!" डॉक्टर इडलीपात्राला हात जोडून रडत होते. "तुझं पीठ फुगवलं. आणि तू... वाफेत! सगळ्यांना!" मग ते गिऱ्हाइकांकडं वळले. प्रत्येकाच्या बशीतल्या इडलीची त्यांनी वेगळी माफी मागितली. एकानं अर्धी खाल्लेली इडली परत पात्रात ठेवली.

एका चमच्यात! ज्याच्या पेल्यानं मला ढेकराशिवाय काही आलं नाही, त्याच्या एका चमच्यात माणूस एवढा वर जाऊ शकतो? त्यांना धरून घरी आणताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. निम्म्या वाटेत त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मास्तर, आक्काला सांगू नका."

"कोण आक्का?"

"माझी थोरली बहीण. बोरगावची. तिला ह्यातलं काही कळता कामा न्हाई. अजून."

त्या 'अजून'कडं मी लक्ष दिलं नाही. देणार कसा? माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांना खुर्चीवर बसवून मंगल लिंबूपाणी देत होती. "दिवस मावळायचाय अजून, घ्या, घ्या," म्हणत होती. शेजारची एक वारा घालत होती. "बिचारे! किती मनाला लावून घेतात." मला अर्ध्या बाटलीला तीन दिवस बहिष्कार, आणि यांना चमच्याला लिंबूपाणी!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी बोरगावची बस धरली.

*

आक्का सोप्यात सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पांढरं लुगडं, चष्म्याला दोरी. मी ओळख सांगितली. समोरच राहतो, इकडं उसाचं बेणं बघायला आलतो, म्हटलं भेटून जावं. मग इकडचं तिकडचं बोलून अगदी वाईट वाटत असल्यासारखं तोंड करून मी म्हणालो, "आक्का, सांगू नये, पण सांगितल्याशिवाय ऱ्हावत न्हाई. डॉक्टर घरात दारू लावतात."

आक्का खडे काढत राहिल्या. "दारू?"

"मडक्या-मडक्यांनी."

"जीव मरत्यात की त्यात."

"तेच तर!" मला हसू आवरेना. "म्हणे, आम्ही मरू देत न्हाई. त्यांना थंड करून खाली बसवायचं, वरची दारू काढून घ्यायची आणि त्यांना परत काकवीत सोडायचं! एक मेला तर स्वतः दिवसभर उपाशी!"

आक्कांचा हात सुपात थांबला.

"परत सोडतोय? जिवाणीसारखं?"

"अगदी जिवाणीसारखं," मी खिदळलो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग मला नव्हे, अंगणालाच सांगितल्यासारखं बोलायला लागल्या.

"आई लौकर गेली आमची. पायगू चार वर्षांचा. माझ्या कडंवर वाढला. शिकला, बंगळूरला नोकरी लागली, पेढं घिऊन आला. मी इचारलं, काम काय रं? तर म्हणाला, रोज कोट्यानं जीव वाढवायचं, आन काम झालं की उकळून टाकायचं. तवापास्नं त्येच्या हातचं पाणी पीत न्हाई मी. एकदा बंगळूरला त्येच्या घरला गेले तर हितला तांब्या संगं नेला, आन एक रात बी ऱ्हायले न्हाई. त्यो तांब्याकडं बघत ऱ्हायला. निपाणीत तर मी पाऊल बी टाकलं न्हाई."

मी हसताना उघडलेलं तोंड मिटायचं विसरलो होतो. वर्षभर मी त्या माणसाच्या मडक्यात नशा शोधत होतो. त्याला दारू प्यायचीच नव्हती.

"निपाणीला गाडी कवा हाय?" आक्कांनी विचारलं.

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढतासा?"

*

बसमध्ये त्यांचा पितळेचा तांब्या, तोंडाला फडकं बांधलेला, मी मांडीवर धरून बसलो होतो. चाडी सांगायला गेलेल्या माणसाला याहून जड ओझं मिळालं नसतं. गल्लीत पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दिवस थंडीचे, सूर्य कलायला लागलेला.

डॉक्टरांनी दार उघडलं. आक्कांना पाहिलं, तांब्याला पाहिलं, मला पाहिलं. मग त्यांनी काय करावं? एवढे शास्त्रज्ञ, पण दोन्ही हात पसरून मडक्यांच्या पुढं उभे राहिले, जणू चोरून खाल्लेला गूळ लपवतायत.

"दाव," आक्का म्हणाल्या.

"आक्का, तसं न्हवं ते..."

"दाव म्हणते न्हवं."

त्यांनी काच लावली. आक्कांनी चष्मा कपाळावर सारून डोळा टेकवला. गल्लीतल्या बायका, मंगलसकट, दारात गोळा झाल्या होत्या.

"ही गोल गोल?"

"हं. ती मंडळी."

"हिच्या अंगाला एक बारकं चिकटलंय."

"लेकरू हाय तिचं. असंच अंगाला धरून मोठं होतं, मग सुटं होतं."

आक्का डोळा काढीनात. "कडंवर घेतलंय की रं हिनं," त्या म्हणाल्या. मग, "मेलेलं कुठलं?"

"मेलेलं निळं दिसतं. आज एक बी न्हाई."

"आन बंगळूरला?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "बंगळूरला सगळे निळेच, आक्का."

आक्का उठल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. पदरानं कपाळ पुसलं. "तहान लागलीया," त्या म्हणाल्या.

मी मूर्खासारखा तांब्या पुढं केला.

"त्यातलं नगं."

क्षणभर कुणाला कळलं नाही. आणि मग डॉक्टर जे सुटले! पोहरा कुठं, दोरी कुठं, फडकं हे नको, नवं पाहिजे, पेटीतलं पांढरं! "मास्तर, वर जा! दिवस बघा!" दिवस मावळला की पाणी बंद, आणि शेजारच्यानं मजला चढवल्यापासून त्यांच्या अंगणातून सूर्य दिसत नाही. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर सूर्य टेकला होता, तांबडालाल.

"हाय!" मी ओरडलो.

खाली पोहरा वर आला. डॉक्टरांनी फडकं दुहेरी केलं. घाई अशी, की पाणी काठावरून सांडायला लागलं.

"सावकाश गाळ," आक्का आतून म्हणाल्या. "घाई केलीस तर जीव मरंल."

"निम्मा हाय!" मी वरून.

त्यांनी सावकाश गाळलं. फडक्यावरचं पाणी पोहऱ्यात धरून दोरीनं हळूहळू खाली, अगदी पाण्याला टेकेपर्यंत नेलं आणि अलगद ओतलं. मग तांब्या भरून दाराकडं वळले. तेवढ्यात पत्र्यामागची शेवटची लाल कडा गेली.

"मास्तर," आक्कांची हाक आली, "हाय का?"

अंगणातून सगळे माझ्याकडं वर बघत होते. डॉक्टरही, भरला तांब्या दोन्ही हातांत धरून. मी बायकोशी आयुष्यभर खोटं बोललो आहे, विद्यार्थ्यांशी बोललो आहे, ग्रहणाबद्दल तर अख्ख्या गल्लीशी बोललो आहे. एक शब्द, आणि माझं पाप फिटलं असतं. पण त्या म्हातारीचं जन्माचं व्रत माझ्या जिभेवर होतं. जमेना.

"बुडाला, आक्का."

डॉक्टर तिथंच उभे. मी जिन्यावरून खाली आलो ते त्यांच्याकडं न बघता.

"बुडू दे," आक्का म्हणाल्या. "सकाळी उगवंल की. एक वाकळ हाय का रं जास्तीची?"

नव्हती. एकट्या माणसाच्या घरात पांघरूण एकच. मंगल न सांगता पळत गेली आणि आमच्या कपाटातली सगळ्यात जाड वाकळ घेऊन आली. माझी.

निघताना आक्कांनी मला थांबवलं. "मास्तर, तुम्ही चाडी सांगाय आलतासा. मला का कळत न्हाई?" मी मान खाली घातली. "पुन्ना कुणाची सांगायची असली तर बोरगावला या."

*

सकाळी मी लवकरच डॉक्टरांच्या मागच्या दाराशी जाऊन बसलो होतो. समोर उन्हाची तिरीप अंगणात उतरली. आक्का पायरीवर बसलेल्या. उगवल्यावर दोन घटका जाऊ द्यायच्या असतात, त्या त्यांनी माळ ओढत जाऊ दिल्या. डॉक्टरांनी अंघोळ करून पाणी नव्यानं गाळलं, जिवाणी विहिरीत सोडली आणि तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. मग दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

आक्कांनी मान वर केली आणि तांब्या न टेकवता, न थांबता, तळापर्यंत रिकामा केला. पदरानं ओठ पुसले.

"पाणी जड हाय रं हितलं," त्या म्हणाल्या.

"व्हय आक्का," डॉक्टर म्हणाले.

एवढंच. त्यांनी रिकामा तांब्या घेतला आणि विहिरीकडं निघाले. मी मागोमाग गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "डॉक्टर, हे लिहून ठेवा."

त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली. पेन्सिल बोटांत ठरेना. दोनदा पडली. शेवटी वही माझ्या हातात देऊन ते पुढं गेले.

अंगणात रांगोळीची ती रेघ होती. चमचाभर दारू पिऊन ज्या रेघेवरून हा माणूस ओळंब्यासारखा सरळ गेला होता, तिच्यावर त्याचं एक पाऊल पडत नव्हतं. एक डावीकडं, एक उजवीकडं, तांब्या छातीशी धरलेला. विहिरीच्या कठड्याला हात लागला तेव्हा कुठं तोल सावरला.

मी वही उघडली. 'पिणारा' या रकान्यात लिहिलं, आक्का. 'प्रमाण', एक तांब्या पाणी. 'परिणाम' या रकान्यापाशी थांबलो. मग लिहिलं, डॉक्टरांना चढली.

आणि वर्षभर त्याच रेघेवरून घागरी रिचवून कोरडाठाक चालत आलेला नमुना क्रमांक एक, हातात वही घेऊन, त्या झोकांड्यांकडं बघत उभा राहिला. इतका कुणाचा हेवा मला जन्मात वाटला नव्हता.